मागच्या दाराचा कब्जा

घटांगच्या वळणावर मागचं दार आपोआप उघडलं
आणि द्रव नत्राचा कंटेनर,
ज्यात अजून न जन्मलेली मुऱ्ह्याची पारडी
उणे एकशे शहाण्णव अंशांवर झोपून असतात,
घरंगळत जाऊन टणटणीत बसला.
फुटला नाही.
बूच शोधायला अर्धा तास गेला, मोबाइलच्या उजेडात.

दोष माझाच.
दिवाळीत मोठे टायर घेतले रपट्यावरच्या गोट्यांसाठी,
आणि त्याच मापाची स्टेपनी टांगली
या म्हाताऱ्या जीपच्या दाराला.
चौतीस किलो.
तेव्हापासून दार लावायचं म्हणजे
बसलेल्या म्हशीला उठवायचं,
खालून गुडघ्याचा टेकू, वरून शिवी.

पुस्तकातली बिजागरी परतवाड्यात कब्जा होते.
सातबाऱ्यावरच्या कब्जेदारासारखा नाही हा,
नुसता धरून ठेवतो,
मालकी सांगत नाही.

तीन कब्जे होते माझ्यापुढं.
पुण्याचे: काळे, गुळगुळीत, आत बेअरिंग,
अकरा हजार चारशे, कुरिअर परतवाड्यापर्यंतच.
जबलपूरच्या लिलावातल्या जोंग्याचे:
बोटाएवढी पिन, ग्रीस भरायला निप्पल,
विकणारा म्हणे, हत्ती लटकवा.
आणि झिबल मिस्त्री ट्रॉलीच्या पिनेतून घडवून देईल ते,
ज्यांना भाव नव्हता, फक्त "पाहू" होतं.

झिबलभाऊनं मोबाइलमधले फोटो पाहिलेच नाहीत.
दोन्ही हातांनी स्टेपनी धरली, गदगदा हलवली,
आणि टायरकडं न बघता
दाराच्या कडेच्या खांबाकडं बघत राहिला.
"मॅडम, कब्जा त बरोबर हाये. पत्रा हरला."

बोल्टच्या भोकापासून निघालेली चीर,
केसाएवढी, गंजानं तांबूस,
खुराला जाते तशी.
मला लाजच वाटली.
रोज सांगते मी लोकांना,
जनावर लंगडते एका पायानं,
दुखणं शोधा वर, खांद्यात.

"कब्जा सोन्याचा आणा न," तो म्हणाला,
"धराचं कायले त्यानं? ह्या कागदाले?"

मग हिशोब सुरू झाला फरशीवर, खडूनं.
खांबाच्या आतून पाच एमएमची पट्टी,
वीतभर लांब, म्हणजे ओझं एका भोकावर नको.
स्टेपनी दारावरून काढायची,
चासीतून वेगळा हात काढून त्यावर टांगायची.
दारानं दारापुरतं राहावं.
म्हणजे आधी हात उघडा, मग दार:
मी मनात मोजलं, अकरा सेकंद जास्त.
अडलेल्या म्हशीच्या रात्री अकरा सेकंद
ही मोठी रक्कम असते.
"टपावर ठेवू का मग?" मी विचारलं.

तो थांबला.
"रातच्याले संगं कोन असते तुमच्या?"
कोणी नसतं, मी म्हटलं.
सेमाडोहच्या पुढं रेंजही नसते.

त्यानं स्टेपनी काढून जमिनीवर आडवी केली.
"उचला बरं."
भिलावेकरांचा सोमू हसायला लागला,
त्याला पान्यानं गप्प केलं.
मी उचलली. मांडीपर्यंत आली.
कमरेपर्यंत आली, दात आवळून.
त्याच्या वर नाही.
"थांबा, हालू नोका,"
आणि टायरच्या मधोमध जिथं भोक आलं
तिथं जीपच्या पाठीवर
खडूची आडवी रेघ मारली त्यानं.

गाडीचं मॉडेल सगळ्यांनी विचारलं होतं,
वर्ष, रिमचे इंच, बोल्टांची संख्या.

कब्जे जोंग्याचे घेतले शेवटी.
पट्टी आतून, हात चासीतून, अकरा सेकंद कबूल.
दार आता एका बोटानं लागतं, पण
आवाज बदललाय, जरा जड,
कोणीतरी "हं" म्हटल्यासारखा.
रंग मारताना सोमूनं
ती रेघ सोडून मारला.
मुद्दाम की आळसानं,
विचारलं नाही.