वरकड

स्त्रिकुफच्या गोदामाच्या फाटकावर
मी रात्रपाळी करतो.
पेन्शन कोळशापाशी येऊन संपते, म्हणून.

त्याआधी सोळा वर्षं
वूच शहरातल्या विणकाम-शाळेत अर्थशास्त्र शिकवलं.
सरकारी. सक्तीचं.
तांबड्या पुठ्ठ्याचं पुस्तक, दिवसाचा शेवटचा तास,
खिडकीबाहेर गिरणीचं धुराडं
आणि बाकांवर चाळीस मुली जांभया गिळत.
मीही जांभई गिळतच सांगायचो :
मजूर दिवसाच्या काही तासांत आपली भाकर कमावतो,
उरलेल्या तासांत वरकड.
लिहून घ्या. परीक्षेला येतं.

वरकड कुणाचं, असं एकीनंही विचारलं नाही.
त्यांच्या आया समोरच्याच गिरणीत होत्या.
तिथं मालक म्हणजे राज्य होतं
आणि फुप्फुसात जाणारा कापूस तोच होता.
घरी रात्रभर जे खोकत होतं
त्याचं नाव पुस्तकात नव्हतं.

मग एका उन्हाळ्यात विषयच रद्द झाला.
पुस्तकं रद्दीत गेली. मीच वाहून नेली,
किलोच्या भावानं विकली, बुटांना तळवे बसवून घेतले.
गिरणीत आता दुकानं आहेत.
एक माग ठेवलाय काचेआड, पुसून लख्ख,
पोरं त्याच्यापाशी आइस्क्रीम खातात.

काल पहाटे चारला पाळी सुटली.
रांगेत बोगुमिवा. तिसऱ्या बाकावरची,
नेमकी याच प्रश्नाला नापास झालेली.
केस पांढरे, मनगटावर यंत्राच्या पट्ट्याचा वळ.
ते यंत्र सांगतं कुठल्या फळीकडे जायचं, किती सेकंदांत,
आणि थांबलात
तर थांबण्याचीही नोंद घेतं.

"सर," ती म्हणाली, "तो प्रश्न आता विचारा."
मी इकडंतिकडं पाहिलं. कॅमेरा आमच्याकडंच बघत होता.
"संध्याकाळी सहाला आत गेले. साडेआठपर्यंत माझं भागलं.
तिथून पुढं..."
तिनं न वळताच मागं हात केला :
दिव्यांनी पेटलेलं ते लांबच लांब छप्पर,
उघडी दारं, हमरस्त्यापर्यंत ट्रकांची शेपटी.
"ते सगळं उत्तर. ओळी मोजून घ्या."

शंभरपैकी शंभर, म्हणायला तोंड उघडलं
इतक्यात चौकटीवरचा दिवा लाल झाला.
तो कुणावरही होतो, चिठ्ठी निघाल्यासारखा.
नियमाप्रमाणं मी तिचे खिसे तपासले.
माझ्या विद्यार्थिनीचे.
एक हातमोजा, बोटांशी फाटलेला.
खोकल्याच्या गोळ्या. बसचा पास.

"वरकड काही नाही ना, सर?"

वहीत रकाना एकच आहे : बाहेर काय नेलं.
मी लिहिलं, काही नाही.
खाली सही केली, सावकाश,
पूर्वी प्रगतिपुस्तकावर करायचो तशी.
तिची बस सुटत होती.