पूर्ण मापाचं ऊन

सगळं सत्त्याऐंशी पट लहान केलं होतं.
अजनीचं यार्ड, पाण्याची टाकी,
संत्र्यांच्या पेट्या, आत
शेंदरी रंगात बुडवलेले मोहरीचे दाणे.
हमाल करंगळीच्या पेराएवढा,
त्याच्या डोक्यावर बिस्तर.
मे महिना तेवढा लहान करायचा राहून गेला.

गच्चीवरची टिनाची खोली. बाहेर सेहेचाळीस.
दुपारी दोनला टण्णकन आवाज झाला.
वर जाऊन बघतो तर
पंधरा दिवस खपून बसवलेला रूळ
कामठीच्या बाजूला फणा काढून उभा,
गाडी कुशीवर पडलेली
आणि चाकं आपली फिरूनच राहिलेली.

शेजारचे उईके आले.
छिंदवाड्याच्या छोट्या लाइनीवर
अठ्ठावीस वर्षं की-मॅन.
ती लाइन आता उखडली, हे अजून चालतात
स्लीपर मोजल्यासारखे.
वाकले. चष्मा कपाळावर सरकवला.
"सांध्यात जागा काहून नाही सोडली जी?"
म्हटलं, फट दिसली असती.
"दिसू द्या ना. उन्हाळ्यात आपण पाय पसरतो,
थे बी पसरते."
भाच्याच्या लग्नपत्रिकेचा कोपरा फाडून
दोन रुळांच्या मध्ये धरला:
"एवढी. जास्त नाही."

याच्याआधीचं सांगू नये, पण सांगतो.
जुन्या पेपरांचा लगदा आणि कणकेची खळ
घेऊन मी रामटेकचा डोंगर केला होता.
उंदरांनी तो तीन रात्रींत संपवला,
चौथ्या रात्री बोगदा.
बोगदा कसा खातात
हे मी तेव्हा पाहिलं.

आणि ती चौफुली.
दिल्लीची लाइन हावड्याच्या लाइनीला
जिथं आडवी छेदून जाते
ती नसेल तर नागपूर कसलं?
वीज मंडळात एकतीस वर्षं काढलेल्या माणसानं
घरीच गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर लावून
चारही तारा उलटसुलट जोडल्या
आणि स्वतःच्याच घरी अंधार केला.
शोभना खालून काही बोलली नाही.
एक मेणबत्ती वर पाठवली,
तिला माझं ऑफिसचं ओळखपत्र बांधून.

उईके म्हणाले, खाली न्या, कुलरच्या खोलीत.
इथं मे आहे तोवर काही खरं नाही.
तेव्हा कळलं, प्लाय आठ बाय पाच
आणि जिना गोल, लोखंडी.
वर कसा चढवला होता?
पट्ट्यापट्ट्यांनी. मग वरच जोडला, चिकटवला,
त्यावर गाव वसवलं.
उतरायचं कोणाच्या मनात होतं?

आरी उईक्यांनी धरली.
मी टाकीकडे बघत राहिलो.
अजनीच्या मधोमध,
दोन नंबरचा प्लॅटफॉर्म आणि चहाचा ठेला
यांच्यामधून
भुसा पडत होता, पिवळा, पूर्ण मापाचा.

आता खाली हॉलमध्ये
ओल्या वाळ्याच्या वासात ती धावते.
आणि पहिल्यांदाच आवाज आला.
टक-टक, टक-टक.
इतके महिने गाडी मुकी होती,
मला वाटायचं, लहान आहे म्हणून.
उईके डोळे मिटून बसले होते,
खुर्चीच्या हातावर बोट, दर सांध्याला एकदा.
बोट मध्येच थांबलं.
"तेरा नंबरचा ढिला हाय."
होता.

जिथं आरी चालली तिथं
शेवटचा डबा अजूनही पडतो.
तीनदा रूळ बदलला, पॅकिंग दिलं, देवाचं नाव घेतलं.
शेवटी तिथं बिस्तरवाला हमाल उभा केलाय,
कोणीतरी बघायला असावं म्हणून.
रात्री उठून घरी जाताना
उईके तो डबा उचलून रुळावर ठेवतात,
न बोलता, एका बोटानं.
त्या बोटावर जुनं काळं ग्रीस,
नखाच्या कडेला,
ते मात्र कशानं निघत नाही.