खिडकीकडचा ग

बाईंनी वहीत लाल गोल काढलाय :
'अक्षरे उलटी. घरी सराव घ्यावा.'

मी वही घेतली आणि वाचत सुटलो :
गवत, मगर, नळ, घर.
कुठेच अडखळलो नाही.
मृण्मयी बघत राहिली,
तिचं लिहिलेलं इतकं भराभर
आजवर कुणी वाचलं नव्हतं.

एकतीस वर्षं कंपोझिटर होतो मी,
खेतवाडीत, दहाव्या गल्लीच्या तळमजल्यावर.
डाव्या हातात स्टिक,
उजव्या हाताला शिशाचा वास,
तो घरी साबणानेही जायचा नाही.
लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणपती मंडळाचे अहवाल,
तेराव्याची कार्डं काळ्या चौकटीतली.
कुणाचं काहीही असो,
आधी ते मला उलटं दिसायचं,
मग लोकांना सुलटं.

प्रेस मिटला. खिळे किलोवर गेले.
तिथे आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात.
मूठभर खिळे मी उचलून आणले होते,
बिस्किटांच्या डब्यात आहेत, कशाला आणले कुणास ठाऊक.

हिची आई शर्वरी, शिवडीच्या इस्पितळात नर्स.
दुपारपाळी असली की पोर माझ्याकडे.
नाव तरी काय ठेवलंय!
म-ला ऋकार, ण अर्धा, पुन्हा म,
आणि य-ला दीर्घ वेलांटी.
पाच वर्षांच्या मुठीत एवढं मावायचं कसं?
मला जुळवायला दिलं असतं
तर मीही शेठकडे जादा पैसे मागितले असते.

म्हटलं, नाव राहू दे. आधी ग.

ती काना आधी उभा करते,
मग आकडा कुठे लावायचा यावर विचार करते,
जीभ बाहेर काढून.
डावं-उजवं अजून कळत नाही, म्हणून सांगितलं :
ग नेहमी खिडकीकडे बघतो.
तीन दिवस छान चाललं.
चौथ्या दिवशी ती पाटी घेऊन
पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसली.
ग खिडकीकडेच बघत होता, बिचारा,
सांगितलं तसं.

मग डबा काढला.
जाडा, मथळ्याचा ग शोधून तिच्या तळव्यावर ठेवला.
'आजोबा, हा पण चुकलाय!'
हो, चुकलाय खरा.
शिक्क्याच्या पॅडवर टेकवला,
वाणसामानाच्या यादीच्या पाठीवर दाबला,
उचलला.

ती खिळ्याकडे बघे, मग कागदाकडे,
मग खिळा उलटा करून त्याच्या खाली काही लपलंय का ते.
बऱ्याच वेळाने म्हणाली,
'म्हणजे माझे पण दाबायचे राहिलेत?'

याला काय उत्तर देणार?
मी चहा ठेवायला उठलो.

परत आलो तर तिने वहीचं कोरं पान काढून ठेवलेलं.
'आता तुम्ही काढा. पेनाने.'
काढला.
कोंबडीने उकिरडा उकरावा तसा आला.
मला नवल वाटलं, मग नाही वाटलं.
जन्मभर दुसऱ्यांची अक्षरं उचलून जागेवर ठेवली,
स्वतः काढायची वेळ पगाराच्या सहीपुरती,
तीही आखूड.
मृण्मयीने लाल खडू घेतला
आणि माझ्या ग-भोवती
व्यवस्थित गोल काढला.

तेव्हापासून चार ते सहा दोघंही गिरवतो.
ती म-चं पोट भरते,
मी न-ची गाठ मारतो.
माझा हात कापतो, तिचा घाई करतो.
काल अर्ध्या ण-पर्यंत पोचलो,
तो दोघांनाही जमला नाही.

रात्री साडेनवाला शर्वरी आली.
पोर झोपलेली, तिने हळूच उचलली.
पंजाभर शाईचे ठसे : ग, ग, ग, ग,
सगळे सरळ, छापल्यासारखे.
आणि मनगटाशी एक,
पेनाने स्वतः काढलेला,
खिडकीकडे बघणारा.