दहा बाय वीस

लिलावात चौथा नंबर होता तो.
सिंहस्थ सरला, तपोवनातले तंबू गेले,
मागे राहिल्या पत्र्याच्या केबिनी
आणि गवतात एकेकटी चप्पल.
मी बोली लावली तेव्हा भाऊ म्हणाला,
लोक फ्लॅट घेतात, तू हा डबा?
फ्लॅटचा हप्ता त्याने विचारला नाही.
मीही पगार सांगितला नाही.

सकाळी सातला आडगावात क्रेन आली,
माझ्या दीड गुंठ्यात अर्धीच मावली.
मुश्ताकभाईंनी वरून विचारलं, बाई, तोंड कुठं करू?
भटजी म्हणाले, पूर्वेला.
साखळ्यांत लटकलेलं घर
पुरुषभर उंचीवर सावकाश फिरलं,
वायव्य, उत्तर,
शेजारच्या द्राक्षबागेकडे बघत जरा थबकलं,
मग पूर्व.
बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा एक घर
मी सांगेन तिकडे वळलं.

घर पाहावं बांधून, म्हणतात.
मी पाहिलं टांगून, खालून.
पोटाला गंज होता
आणि एका कोपऱ्यात कुंभारणीचं मातीचं घर,
एवढ्या हिसक्यांतही न पडलेलं.

महापालिकेत पेखळे साहेबांनी विचारलं,
पाया किती फूट?
पाया नाही, सिमेंटचे सहा ठोकळे आहेत.
मग हे घर नाही.
मग घरपट्टी नको?
साहेबांनी चष्मा काढला, पुसला.
पट्टी लागेल, म्हणाले.

मे महिन्यात दुपारी भिंतीला पाठ टेकवत नाही.
छपरावर कांद्याची जुनी बारदानं पसरलीत,
दोनदा ओली करते.
डिसेंबरात निफाडकडून गारठा येतो,
रात्री दोनला पत्रा आकसतो,
टक्.
आधी उठून कडी बघायचे.
आता कूस बदलते.

मोरपंखी रंगाचे दोन हात दिले तरी
साडेपाचच्या तिरप्या उन्हात
दर्शनी भिंतीवर अक्षरं वर येतात:
हरवले सापडले केंद्र, क्रमांक सात.
मला ठाऊक होतं. लिलावाच्या कागदावरच होतं.
टेबलाच्या खणात वहीही निघाली:
पार्वताबाई, हिरवं लुगडं, कानाने कमी ऐकतात.
मुलगा, वय सहा, नाव फक्त पिंट्या सांगतो.
गंगूबाई, हातावर गोंदलेलं तुळशीवृंदावन,
गावाचं नाव आठवत नाही.
प्रत्येक ओळीपुढे लाल पेनने, नेले. नेले. नेले.
एका ओळीपुढे काही नाही.

कोणत्या, ते मी कुणाला सांगितलेलं नाही.
बाहेरचा दिवा रात्रभर चालू असतो.
मीटर अजून तात्पुरता आहे.

रंगारी यशवंता म्हणाला,
ताई, तिसरा हात मारू? अक्षरं जातील.
राहू दे म्हटलं,
उरलेला रंग उंबऱ्याला लाव.
त्याने खाली वाकून पाहिलं.
उंबरा कुठाय, ही नुसती लोखंडाची पट्टी.

तिलाच लाव.