चोरखिसा

परकराच्या आतल्या अंगाला, नाडीखाली चार बोटं,
मांडीला टेकेल पण चालताना टोचणार नाही
असा चोरखिसा पाहिजे, म्हणाल्या इंदुमती हुंदरे.
टाचण्या तोंडात होत्या,
म्हणून हसता आलं नाही मला.
चोराला कळू नये म्हणून शिवायचा,
आणि नाव मात्र त्याचंच.

बँकॉकला निघाल्यात. अकरा जण, पाच रात्री.
सांबऱ्याहून लहान विमान, पुढं मोठं.
तेहतीस वर्षं जन्माचे-मरणाचे दाखले लिहिले त्यांनी,
आता टूरवाल्याचा कागद मला वाचून दाखवतात,
जशी काय मीच चाललेय:

पासपोर्ट कुणाकडं तारण ठेवू नये.
टॅक्सीत आधी मीटर पडू दे, मग बूड टेकायचं.
फोन रस्त्याकडच्या हातात धरू नये,
मोटरसायकलवर दोघं येतात, मागचा उचलतो.
आणि कुणी गोड आवाजात म्हणालं, आज देऊळ बंद आहे,
तर देऊळ उघडं असतं,
त्याच्या रिक्षाचं तोंड माणकांच्या दुकानाकडं असतं.

"गणपत गल्लीत पण आहे की हे सगळं," मी म्हटलं,
"फक्त देवळावर घालत नाहीत."

मशीन चालू होतं. धागा तुटला,
आणि ओवता ओवता मी सांगून बसले
जे घरात कुणाला सांगितलं नाही.

चंदगडाकडची मी. लग्नाला महिना झालेला.
माहेरून परतताना बेळगावच्या स्टँडवर एकटी,
पाट्यांवर गोल गोल अक्षरं,
सगळ्या बशी एकाच गावाला जाणाऱ्या वाटाव्यात अशी.
चढले. कंडक्टरनं काहीतरी विचारलं,
मी मान हलवली.
त्यानं तिकीट दिलं बैलहोंगलचं.
वडगाव येईल, येईल म्हणून बघतेय
तर सांबरा गेलं, नेसरगी गेलं, दिवा लागला.

तिथं एक पोरगा म्हणाला, चला, मी सोडतो,
मराठीतच म्हणाला, स्वच्छ.
पाय निघाला होता माझा.
मग दिसली शेवंतीच्या माळा करणारी बाई,
सुईवरून नजर न काढता म्हणाली,
"कुंद्र, तंगी. अंजब्याड."
त्यातलं एक अक्षर कळलं नाही,
पण तिनं पोतं सरकवून जागा केली.
पहाटेच्या बशीत तिनंच बसवलं.

"म्हणून सांगते, बाई," मी म्हटलं,
"न कळता मान हलवू नका.
आपली भाषा बोलतो म्हणून कुणामागं जाऊ नका.
विचारायचं तर विकायला बसलेल्या बाईला विचारा.
तिला उद्याही तिथंच बसायचं असतं."

हुंदरेबाईंनी हे टूरवाल्याच्या कागदामागं लिहून घेतलं,
दाखला लिहावा तशा अक्षरात.

हॉटेलचा पत्ता तिथल्या लिपीत मागवला होता, तो दाखवला.
कानडीच्या लांबच्या चुलतबहिणीसारखी अक्षरं, शेपट्या वर.
पैसे, पासपोर्टची झेरॉक्स आणि ती चिठ्ठी
प्लॅस्टिकमध्ये घालून खिशात मावते का बघितलं.
मावली. वर दोन टिचबटणं लावली.

बारा दिवसांनी आल्या. कुंदा आणला नाही,
सुक्या आंब्याची पुडी आणली.
फोन गेला. पुलावरून नदीचा फोटो घेताना,
रस्त्याकडच्याच हातातून.
"वाचून दाखवला होता की कागद तुम्हीच!"
"होय की," म्हणाल्या, "पण नदी त्या बाजूला होती."

अकरातले दहा पुढं गेलेले.
हुंदरेबाई एका दाराआड शिरल्या, परकर वर केला, चिठ्ठी काढली,
आणि मोगऱ्याचे हार विकणारी शोधत
दोन चौक चालल्या.
तिनं वाचलं, यांचं मनगट धरलं घट्ट,
टॅक्सीत घातलं,
आणि मीटरवर बोट आपटून ड्रायव्हरला काहीतरी बोलली,
शिवीच असणार.

"खिसा उसवू का आता?"
"राहू दे. गुरुवारी बैलहोंगलला लग्न आहे."

शिलाईचे साठ रुपये राहिले होते.
ते देण्यासाठी त्या माझ्या दुकानात
भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.