विरळणी

बिटाचं एक बी म्हणजे एक बी नसतं.
हे मला हडर्सफील्डला कळलं,
तेहतिसाव्या वर्षी, मागच्या अंगणात गुडघे टेकून.
दिसायला हिंगाचा खडा.
वाटीत रात्रभर भिजवलं तर पाणी तांबूस होतं,
आणि आत तिघं-चौघं झोपलेले असतात
एकाच गोधडीत.

मे महिन्यात सगळे एकदम उठले.
लाल देठ, ओले, सुईएवढे.
कुंपणापलीकडून होलरॉइड म्हणाला,
एक ठेव, बाकी उपट, आजच.
दया केलीस तर नुसता पाला खाशील.
अगदी असंच म्हणाला असं नाही,
यॉर्कशरचा माणूस निम्मे शब्द गिळतो,
उरलेले मी असे जुळवले.

कोणता ठेवायचा पण?
जाड देठाचा? की आधी उगवलेला?
वॉर्डात रात्रपाळीला मी काही ठरवत नाही,
ठरवणारे ठरवतात, मी पडदा ओढते.
इथे पडदा नव्हता.
चिमटीत एकेक येत होता,
दोऱ्याएवढं मूळ, त्याला काळी माती,
आणि शेजारचा किंचित हलायचा.

बारा उपटले. तेराव्याला थांबले.
थोडे धुऊन वरणात टाकले,
आणि थोडे, खरं सांगते,
होलरॉइड चहाला आत गेल्यावर
खताच्या डब्यामागे परत लावले.

कंदाला जागा बदललेली सोसत नाही,
हे त्यानेच पुढे सांगितलं.
(मंडळाच्या दिवाळीत यावर कुणी कविता वाचेल,
चष्मा पुशील.
मी बिटाबद्दल बोलतेय.)

ऑगस्टमध्ये ओळीतली बिटं
मातीतून खांदे काढून बसली.
पानं कापायची नाहीत, पिळून तोडायची,
नाहीतर रंग सगळा पाण्यात जातो.
किसलं, दही, मोहरीची फोडणी.
दुसऱ्या दिवशी यशोधन संडासातून ओरडला, रक्त!
मी नर्स. तरी दोन पावलं धावलेच.

डब्यामागची राहिली होती, ती सप्टेंबरात काढली.
वाकडी, दोन पायांची, शेपटीला गाठ.
एक तर दोघांचं मिळून एक,
कोण कुठे संपतं ते सुरीलाही कळेना.
होलरॉइडने ते हातात घेतलं,
अंगठ्याने माती पुसत राहिला.
दरवर्षी व्हिनेगरच्या सहा बरण्या भरतात त्याच्याकडे.
यंदा खिडकीत तीनच पालथ्या होत्या.

हे मला दे, म्हणाला.
बरणीत मावायचं नाही.
पण दे.