नव्वद ग्रॅम

रजिस्टर मी लिहायचो.
पट चाळीस. डोक्यामागं पाच ग्रॅम तेल.
पाच चोक वीस, वर शून्य, दोनशे ग्रॅम.
रकाना भरला की मी फळ्याकडं वळायचो
आणि कवतिका उईके चुलीकडं.

तेल यायचं लिटरच्या बाटलीतून,
सोयाबीनचं, पिवळंधमक.
मी लिहायचो : आवक एक किलो.
लिटर म्हणजे किलो
हे मला कुणी शिकवलं, आठवत नाही.
घाटंजीच्या पुढं दुधाचंही असंच धरतात.

पाच दिवस पुरायची ती बाटली
पाचव्या दिवशी फोडणीतच खाकरायची.
कवतिका ती वाडग्यावर उलटी करून ठेवायची
आतला घाम निथळेस्तोवर.
म्हणायची, "सर, पुरत नाई."
मी म्हणायचो, "हात आवरा जरा."

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तालुक्याहून साहेब आले.
चौदा बाटल्या, त्रेसष्ट दिवस.
शिल्लक हवी होती एक किलो चारशे.
बाटलीच्या तळाला होतं बोटभर.
"सव्वा किलो तेल गेलं कुठं?"
समितीचे चौघं काहीच बोलले नाहीत.
चौघांनी फक्त तिच्या केसांकडं पाहिलं.
चापून बसवलेले, भांग सरळ,
वेणी अशी की तीत खिडकी दिसावी.
मीही पाहिलं.
पाचवा मी.

दुसऱ्या दिवशी ती आली
रिठ्यानं धुतलेले केस घेऊन,
कोरडे, भुरभुरणारे.
काखेत जिभकाट्याच्या दुकानातला तराजू.
एका पारड्यात तेलाची नवी बाटली ठेवली,
दुसऱ्यात तसलीच रिकामी,
हापशावर गळ्यापर्यंत भरलेली.
पाणी खाली गेलं.
चौथीची पोरं टाळ्या पिटायला लागली.

"पाह्यजा सर," ती म्हणाली,
"तेल पान्यावर तरंगते, लेकराईले मालूम हाय.
मंग थे पान्याएवढं भरन कसं?"

तरंगणे आणि बुडणे, मीच शिकवतो.
लिंबू, खिळा, खडू, तेलाचा थेंब.
परीक्षेत हमखास येतो तो प्रश्न, दोन गुणांना.
मी बाटली फिरवली.
किमतीच्या खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत :
एक लिटर, म्हणजे नऊशे दहा ग्रॅम.
चौदा वेळा माझ्या हातून गेली होती ती ओळ.
चौदा गुणिले नव्वद, बाराशे साठ.
इतकंच हरवलं होतं,
आणि ते कधी आलंच नव्हतं.

लाल शाईनं दुरुस्ती केली.
दोनशे ग्रॅम म्हणजे दोनशे वीस मिली, जवळजवळ.
तिनं खिळ्यानं पेल्याच्या आत रेघ ओढली,
त्या रेघेपर्यंत ओतते आता,
बाटलीमागं साडेचार दिवस, बिनबोभाट.
तालुक्याला पत्र धाडलं.
उत्तर यायचं आहे.
समितीतलं कुणी आलं नाही,
जिभकाटे तेवढा आला, तराजू न्यायला,
पारडं तेलकट केलं म्हणून कुरकुरला.

दिवाळी गेली, संक्रांत गेली,
थंडीत तिच्या कानशिलांवरचे केस
कडब्यासारखे उभे राहायचे.
मी काही विचारलं नाही.
काय विचारायचं असतं?

शिवरात्रीनंतरच्या सोमवारी
ती आली तेव्हा भांग ओला होता.
व्हरांड्यात तिळाच्या तेलाचा वास.
तांदूळ निवडता निवडता,
मान वर न करता म्हणाली,
"हे घरचं हाय, सर.
लिवून ठेवा."